व्याख्या जिथे अडखळते : नांदगाव खंडेश्वरातून सामाजिक शास्त्रांची ओळख

१/
नांदगाव खंडेश्वरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला राज्याची चार अंगे तोंडपाठ असतात : लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व. सार्वभौमत्व म्हणजे सर्वोच्च व अविभाज्य सत्ता, हेही तो न चुकता लिहितो. त्यालाच विचारावे, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात राहणारे त्याचे पूर्वज कोणाचे प्रजाजन होते? इंग्रजांचे, असे तो म्हणेल. कायद्याच्या भाषेत ते उत्तर चूक आहे. निजामाचे म्हणावे, तर सारा, न्याय आणि पोलीस यांपैकी काहीच निजामाच्या हाती नव्हते. पाठ केलेली व्याख्या इथे अडखळते. हा धागा त्या अडखळण्याविषयी आहे.

२/
सामाजिक शास्त्रांच्या प्राथमिक पुस्तकांत संकल्पना बहुधा परक्या भूमीवर जन्मतात. राज्य फ्रान्समध्ये, बाजार इंग्लंडमध्ये, नोकरशाही जर्मनीत. वऱ्हाडाच्या वाट्याला नकाशावरचा एक ठिपका आणि ‘कापसाचा प्रदेश’ एवढी एक ओळ येते. याचे दोन परिणाम होतात. विद्यार्थ्याला वाटते, की आपल्या गावात विचार करण्याजोगे काही घडलेच नाही. आणि त्याला असेही वाटते, की संकल्पना म्हणजे पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवायचे वाक्य. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. संकल्पना हे प्रश्न विचारण्याचे साधन असते, आणि साधनाची पारख ते वापरल्याशिवाय होत नाही. वऱ्हाडाचा इतिहास ही त्यासाठी उत्तम जागा आहे, कारण इथे बऱ्याच व्याख्या सरळपणे लागू पडत नाहीत.

३/
पहिली संकल्पना : सार्वभौमत्व.
फ्रेंच विचारवंत जाँ बोदँ याने १५७६ साली सार्वभौम सत्तेचा सिद्धान्त मांडला. ही सत्ता वाटून घेता येत नाही, असा त्याचा आग्रह होता. वऱ्हाडात मात्र अठराव्या शतकात सत्ता उघडउघड वाटलेली होती. नाव निजामाचे, आणि वसुलीत निजामाबरोबर नागपूरकर भोसल्यांचाही हक्क. एकाच मुलखावर दोन अंमल, म्हणून या व्यवस्थेला ‘दुअमली’ म्हणत. १८०३ मध्ये अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, देवगावचा तह झाला आणि भोसल्यांचा हा हक्क संपला. रयतेच्या दृष्टीने दोन धन्यांतला एक गेला. दुसरा धनी मात्र फार काळ एकटा राहिला नाही.

४/
हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामावर कंपनीचे देणे साचले. त्याच्या भरपाईसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. मालकी निजामाचीच राहिली, म्हणून कागदोपत्री या प्रदेशाचे नाव पडले ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात तो कायम पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग झाला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या आदेशाने लागू करावे लागत. १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अमरावती-अकोल्याचा शेतकरी सारा भरत होता एका सरकारकडे, आणि कायद्याने प्रजा होता दुसऱ्याची.

५/
या गुंत्यातून एक जगप्रसिद्ध दस्तऐवज निर्माण झाला. निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३ पासून वऱ्हाड परत मागण्याचा धोशा लावला. आपण ब्रिटिशांच्या बरोबरीने बोलू शकतो, अशी त्याची भूमिका होती. त्याला उत्तर देताना व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने मार्च १९२६ मध्ये लिहिले, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करण्याचा हक्क नाही. ‘अधिसत्ता’ या संकल्पनेची चर्चा करणारा प्रत्येक अभ्यासक हे पत्र वाचतो. त्या पत्राचा विषय वऱ्हाड होता, हे वऱ्हाडातल्या किती वर्गांत सांगितले जाते? इथे विद्यार्थ्याने शिकायचे ते असे : सार्वभौमत्व हा दावा असतो. तो कोण करतो, कोणाविरुद्ध करतो आणि तो निभावण्याचे बळ कोणाकडे आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

६/
दुसरी संकल्पना : बाजार.
पुस्तकात बाजार म्हणजे मागणी आणि पुरवठा यांची भेट. वऱ्हाडात ही भेट सात समुद्रांपलीकडून ठरली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि लँकशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. भाव चढले. १८६७ पर्यंत अकोला, बडनेरा करीत रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी खास फाटा निघाला आणि त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या समृद्धीच्या आठवणीने आजही सांगितली जाते. पण युद्ध १८६५ मध्येच संपले होते आणि त्याबरोबर ते चढे भावही गेले. शेतकऱ्याच्या पिकाचा भाव आता त्याने कधी न पाहिलेल्या माणसांच्या हाती होता.

७/
याच काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली, ती नांदगावपासून फार दूर नसलेल्या कारंजात. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातली पहिली नियमित बाजारपेठ स्थापन झाली. अमरावतीच्या शेजारच्या गावासाठी हुकूम हैदराबादच्या रेसिडेन्सीचा का, याचे उत्तर वर आलेच आहे : वऱ्हाडाचा कारभार त्या वेळी रेसिडेंटमार्फत चालत होता. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, अडते आणि मापारी यांना परवाने आले, देखरेखीला समिती आली. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ इथून सुरू होते.

८/
‘मुक्त बाजार’ हे शब्द वाचणाऱ्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. बाजार आपोआप उगवत नाही. वजनाचे माप कोणते, तोलणारा कोण, तक्रार कोणाकडे, हे कोणीतरी ठरवल्यावर तो उभा राहतो. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, ठरवणारा कोण? १८९७ च्या कायद्याखालील समित्यांवर नगरपालिकेचे प्रतिनिधी आणि कापसाचे व्यापारी बसत. कापूस पिकवणाऱ्याला त्यांत जागा नव्हती. चांगला, भेसळ नसलेला कापूस गिरण्यांपर्यंत पोहोचावा, हीच सरकारची मुख्य चिंता होती. स्वातंत्र्यानंतर १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि शेतकऱ्यासमोर कायद्याने एकच खरेदीदार उरला. एकाच मातीत, एकाच पिकाच्या बाबतीत ‘बाजार’ या शब्दाचे इतके निरनिराळे अर्थ झाले. नियम होते की नव्हते, हा प्रश्न अपुरा आहे; नियम कोणाच्या सोयीचे होते, हे विचारायला हवे.

९/
तिसरी संकल्पना : तुलना.
भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा असते. सामाजिक शास्त्रांना ती सहसा मिळत नाही, म्हणून ती तुलनेचा आधार घेतात. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा नदी आहे. तिच्या अलीकडे, वऱ्हाडात, इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी आणली. प्रत्येक शेताची मोजणी झाली, आकार ठरला आणि खातेदार थेट सरकारचा देणेकरी झाला. नदीपलीकडे, मध्य प्रांतात, मालगुजारी होती. गावाच्या साऱ्याला मालगुजार जबाबदार आणि कुळे त्याच्या हाताखाली. भाषा जवळची, जमीन जवळची, पाऊसही जवळचा. जमिनीचा कायदा मात्र वेगळा. दोन्ही तीरांवरच्या गावांत पुढे सावकारी कशी वाढली, पुढारी कोणत्या घरांतून आले, वाड्यांचा थाट कुठे जास्त दिसतो, हे प्रश्न मांडले की कायद्याचा परिणाम कोणता आणि निसर्गाचा कोणता, हे वेगळे काढण्याची वाट सापडते. तुलना म्हणजे दोन रकाने आखून फरक लिहिणे, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा हा नदीकाठ पाहावा.

१०/
चौथी संकल्पना : सार्वजनिक.
नांदगावच्या नावातला ‘खंडेश्वर’ हा तिथल्या प्राचीन शिवमंदिरामुळे आला. हे हेमाडपंती मंदिर यादवकालीन शिलालेखासाठी अभ्यासकांना परिचित आहे. असे लेख विद्यार्थी ‘प्राथमिक साधन’ या मथळ्याखाली वाचतो आणि राजाचे नाव व शक टिपून पुढे जातो. मंदिरांतल्या लेखांत बहुधा दानाची नोंद असते, आणि दान म्हणजे एक सामाजिक व्यवहार. देणारा कोण, दान चालू ठेवण्याची जबाबदारी कोणावर, देवाच्या नावे जमा झालेल्या धनाचा कारभारी कोण? शिलालेख राजाविषयी जेवढे सांगतो, तेवढेच संपत्ती आणि संस्थेविषयीही सांगतो. आणि देवाची संपत्ती ही नेमकी कोणाची, हा प्रश्न तेराव्या शतकात मिटला नाही. सातशे वर्षांनी तो याच तालुक्यातल्या एका माणसाने पुन्हा उभा केला.

११/
डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ येथे झाला. पापळ हे गाव आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, म्हणून चळवळ उभी राहिली. पंजाबराव तिच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरही या प्रश्नावरील परिषदेसाठी अमरावतीला आले. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात गेल्यावर पंजाबरावांनी १९३२ मध्ये हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक मांडले. देवस्थानांचे उत्पन्न शिक्षणासारख्या लोकहिताच्या कामी यावे, हा त्यामागचा विचार होता. ज्याला सारे गाव ‘आपले’ म्हणते, त्यात गावातला प्रत्येकजण येतो का? सार्वजनिक या शब्दाची खरी परीक्षा या प्रश्नात आहे. चवदार तळे, काळाराम मंदिर आणि अंबादेवी ही त्याच परीक्षेची तीन ठिकाणे आहेत. पाठ्यपुस्तकात पहिली दोनच ठळक अक्षरांत येतात.

१२/
पाचवी संकल्पना : व्यक्ती आणि संरचना.
पापळच्या शेतकरी घरातला मुलगा विलायतेत शिकला, बॅरिस्टर झाला, संविधान सभेत बसला आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री राहिला. जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही, असा धडा या चरित्रातून काढण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या धड्यात जिद्द नसलेल्यांना दोष देण्याची सोय असते. त्याच पिढीत पापळात जन्मलेली बाकीची मुले कुठे गेली, असे सामाजिक शास्त्र विचारते. शाळा किती कोसांवर होती, फी कोण भरणार होते, शेतातून एक हात कमी झाला तर घराचे काय होणार होते? पंजाबरावांना हे पक्के ठाऊक असावे, असे त्यांच्या कामावरून दिसते. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. एकट्याच्या जिद्दीवर भिस्त ठेवून बहुजनांची मुले शिकणार नाहीत, त्यासाठी वसतिगृहे आणि महाविद्यालये लागतील, हे ओळखणे म्हणजे संरचना ओळखणे. त्यांच्या जयंतीच्या भाषणांत जिद्द पुष्कळ ऐकू येते, हा दुसरा भाग फारसा ऐकू येत नाही.

१३/
सहावी संकल्पना : वर्गवारी.
१८६७ मध्ये वऱ्हाडची पहिली जनगणना झाली आणि सुमारे २२ लाख माणसे जात, धर्म, धंदा अशा रकान्यांत बसवली गेली. मोजणी करणाऱ्याला रकाना लागतो, आणि रकाना आखताना काही माणसे बाहेर राहतात. याचे आजचे उदाहरण क्लेशदायक आहे, पण ते टाळून वऱ्हाडात सामाजिक शास्त्र शिकवता येणार नाही. एमिल दुर्खीम याने १८९७ मध्ये आत्महत्येवरचा ग्रंथ लिहिला आणि ज्याला सारे खासगी दुःख समजत होते, त्याची कारणे समाजाच्या घडणीतही असतात, असे दाखवले. अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद दोन दशकांहून अधिक काळ ठेवली जाते आणि प्रत्येक प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा निर्णय होतो. कुटुंबाच्या नावे जमीन हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. मक्त्याने दुसऱ्याचे शेत करणारा, बिनपरवाना सावकाराच्या पाशात सापडलेला माणूस या चौकटीबाहेर राहू शकतो. शेतात पुरुषाइतकीच राबणारी बाई कागदावर सहसा ‘गृहिणी’ असते. ‘शेतकरी म्हणजे कोण?’ हा प्रश्न परीक्षेत दोन गुणांचा असेल. तहसील कार्यालयात त्याच्या उत्तरावर एका घराचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

१४/
या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात.
पहिला : परीक्षेत व्याख्याच विचारतात, मग हा खटाटोप कशासाठी? व्याख्या पाठ करायला हरकत नाही, ती सुरुवात आहे. पण वऱ्हाडचे उदाहरण माहीत असलेल्या विद्यार्थ्याला अधिसत्ता आणि सार्वभौमत्व यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही. जे समजले ते लक्षात राहते.
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावापासून सुरुवात केली की गावाचा अभिमान शिरतो आणि इतिहासाचा पोवाडा होतो. हा धोका खरा आहे. म्हणूनच गाव गौरवासाठी वापरायचे नाही, तपासणीसाठी वापरायचे. कारंजाची बाजारपेठ देशात पहिली, हे सांगितल्यावर तिच्या समितीत शेतकरी नव्हता, हेही सांगावे लागते. सोन्याच्या कुऱ्हाडीची म्हण सांगितल्यावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, हेही सांगावे लागते. जिथे अभिमान वाटतो, तिथे एक प्रश्न अधिक विचारावा.

१५/
आज समृद्धी महामार्ग नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे आली तेव्हाही तिच्यासोबत मोठी आश्वासने आली होती. रस्त्यासाठी कोणाची जमीन गेली, मोबदला कोणाच्या नावावर जमा झाला, शेत मक्त्याने करणाऱ्याच्या हाती काय आले, रस्त्याच्या दोन बाजूंना पडलेली शेते आता कशी कसली जातात? ‘विकास’ हा शब्द पुस्तकात आहे. त्याची ही तपासणी तालुक्यातला कोणताही विद्यार्थी एका वहीच्या आधाराने करू शकतो. सातबारा वाचायला शिकावे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, बाजार समितीत एक दिवस बसून तोल पाहावा, मंदिराच्या भिंतीवरची अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत. मग पुस्तकातली व्याख्या पुन्हा उघडून पाहावी. ती जिथे लागू पडत नाही, ती जागा पेन्सिलीने खुणेची करून ठेवावी. अभ्यास तिथून सुरू करायचा आहे.